ऑफिसच्या नेटवर्कवर काही संगणक दिसतात, काही दिसत नाहीत : नेमकं कुठे बघायचं?

जमाखर्च

करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. सात संगणक, एक प्रिंटर, फायली ठेवायला दोन डिस्कचा जुना नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी). सगळं वर्कग्रुपवर आहे (प्रत्येक संगणकाची खाती त्याच्या त्याच्याकडेच), डोमेन नाही.

१ : विंडोज ११ प्रो, २४एच२ (विंडोज ११ ची २०२४ मधली आवृत्ती). टॅलीचा डेटा यावरच आहे, म्हणून याला सर्व्हर म्हणतो.
२ आणि ३ : विंडोज ११ प्रो, २४एच२. एकाच वेळी असेंबल करून घेतलेले.
४ आणि ५ : विंडोज १०.
६ : विंडोज ११ होमचा लॅपटॉप, आतल्या खोलीत वायफायवर.
७ : विंडोज ७. एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलाय.

अडचणी अशा :
१ वर 'नेटवर्क' उघडलं की ४ आणि ५ दिसतात, २ आणि ३ दिसत नाहीत. पण २ आणि ३ वर मात्र १ व्यवस्थित दिसतो.
६ वरून १ चं फोल्डर उघडतं. उलट १ वरून ६ कुठेच सापडत नाही.
३ वरून २ उघडायला गेलं की यूजरनेम-पासवर्ड मागतो. बरोबर टाकला तरी पुन्हा तीच चौकट.
नॅस आधी पासवर्डशिवाय उघडायचा. आता २४एच२ असलेल्या मशिनवर सिक्युरिटी पॉलिसीचा काहीतरी संदेश येतो.

ज्यांच्याकडून मशिन घेतली ते म्हणतात, सगळीकडे एसएमबी १ (फायली शेअर करायच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) सुरू करा आणि फायरवॉल बंद करून टाका. करावं का?

पोर्ट_४४५

दोन्ही करू नका. कारण पुढे लिहितो, आधी दुखणं वेगवेगळं करून घेऊ. तुमच्या चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, एका बटणाने सगळ्या जाणार नाहीत.

विंडोजमध्ये तीन गोष्टी स्वतंत्रपणे चालतात.

पहिली, यादीत दिसणं. 'नेटवर्क' खिडकीत नावं येतात ती आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरीमुळे. प्रत्येक मशिन यूडीपी ३७०२ वर २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या) पत्त्यावर 'मी आहे' म्हणून सांगतं आणि बाकीची मशिन टीसीपी ५३५७ वर त्याची माहिती विचारतात.

दुसरी, नावावरून पत्ता मिळणं आणि तिथपर्यंत पोहोचणं. फायलींची सगळी ये-जा टीसीपी ४४५ वरून होते.

तिसरी, आत प्रवेश मिळणं. म्हणजे यूजर, पासवर्ड, शेअरची परवानगी.

पहिली बंद असली तरी दुसरी-तिसरी ठणठणीत चालू शकतात. यादीत नाव नसलेलं मशिन पत्ता टाकून झटक्यात उघडतं. आणि यादीत दिसणारं मशिन उघडेलच असंही नाही. म्हणून तपासणी खालून वर करायची. विंडोज आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या 'रन' चौकटीत आधी \\१९२.१६८.१.१० असा थेट पत्ता टाका (तुमचा जो असेल तो). उघडलं तर वायर, पत्ता, फायरवॉल, परवानगी सगळं ठीक आहे. मग \\ च्या पुढे मशिनचं नाव टाका. पत्त्याने उघडतं आणि नावाने नाही, तर फक्त नाव शोधण्यात अडचण आहे. दोन्हीने उघडतं आणि यादीत तेवढं नाही, तर दुखणं फक्त डिस्कव्हरीचं, आणि त्यासाठी काम अडवून बसायची गरज नाही.

पिंगवर फार विसंबू नका. नेटवर्क 'पब्लिक' धरलेलं असेल तर विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही, मशिन जिवंत असलं तरी. त्यापेक्षा पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढे पत्ता, पुढे '-पोर्ट ४४५' असं देऊन बघा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की रस्ता मोकळा आहे.

पॅचकॉर्ड

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पण त्याच्याही आधी सगळ्या सात मशिनवर 'आयपीकॉन्फिग' चालवून आयपीव्ही४ पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे एका कागदावर लिहून काढा. छोट्या ऑफिसातले निम्मे घोटाळे त्या कागदावरच दिसतात.

काय बघायचं :

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशिनला डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणारी राउटरमधली सेवा) पत्ता मिळालेलाच नाही. वायर, स्विचचा पोर्ट किंवा राउटर बघा. सॉफ्टवेअरला हात लावायचं कारण नाही.

पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे हवेत. काहींचे १९२.१६८.१ आणि काहींचे १९२.१६८.० असतील तर ऑफिसात दोन नेटवर्क झाली आहेत. मल्टिकास्ट राउटर ओलांडत नाही, त्यामुळे एका बाजूची मशिन दुसऱ्या बाजूच्या यादीत येणारच नाहीत.

वायरचं म्हणाल तर स्विचवरचा दिवा आणि विंडोजमधला लिंक स्पीड बघा. गिगाबिट कार्ड आणि गिगाबिट स्विच असून स्पीड १०० एमबीपीएस दाखवत असेल तर आठपैकी एखादी तार लागलेली नाही. १०० ला १, २, ३ आणि ६ या चारच पिना लागतात, १००० ला आठही. क्रिम्पिंगचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे हिरवी जोडी शेजारी-शेजारी लावणं. दिसायला तेच नीटनेटकं वाटतं, साधा टेस्टर आठही दिवे दाखवतो, पण ३ आणि ६ वर एकाच जोडीच्या तारा असाव्या लागतात त्या राहत नाहीत. मग जवळच्या टेबलावर चालतं आणि लांबच्या खोलीत पॅकेट गळायला लागतात. संगणक 'कधी दिसतो कधी नाही' याचं हे एक कारण असू शकतं.

जमाखर्च

कागद केला. १, २, ३, ४, ५, ७ आणि नॅस : पत्ता १९२.१६८.१ ने सुरू, गेटवे १९२.१६८.१.१. लॅपटॉप (६) : १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१. लिंक स्पीड सगळीकडे १००० आहे. आतल्या खोलीत वेगळा वायफाय राउटर आहे, त्याला बाहेरच्या स्विचमधून वायर दिली आहे.

एक कळत नाही. नेटवर्क वेगळी आहेत तर ६ वरून १ उघडतो कसा?

पॅचकॉर्ड

तुमची वायर आतल्या राउटरच्या 'वॅन' (इंटरनेटची वायर लावायच्या) पोर्टात आहे, 'लॅन' (संगणक जोडायच्या) पोर्टात नाही. त्यामुळे तो राउटर इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या मोडेमच्या मागे आणखी एक नेटवर्क तयार करतो. आतून बाहेर जाणाऱ्या मागणीवर तो आपला स्वतःचा बाहेरचा पत्ता (१९२.१६८.१ मधला) चिकटवून पुढे पाठवतो. संगणक १ ला ती मागणी आपल्याच नेटवर्कमधून आल्यासारखी दिसते, म्हणून फायरवॉलही सोडते आणि फोल्डर उघडतं. उलट दिशेने १ ला १९२.१६८.०.१०३ कुठे आहे हेच माहीत नसतं. एका बाजूने उघडतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, हे दोन राउटर एकामागे एक असल्याचं जवळजवळ पक्कं लक्षण.

दुरुस्ती :

आतल्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, राउटर रीस्टार्ट करा, काम झालं.

तो मोड नसेल तर क्रम सांभाळून हे करा. लॅपटॉप वायरने आतल्या राउटरच्या लॅन पोर्टाला जोडा. राउटरचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. मोडेम हा पत्ता दुसऱ्या कोणाला देत नाही ना, ते त्याच्या डीएचसीपीच्या पट्ट्यात बघून घ्या. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून राउटरचा डीएचसीपी बंद करा. मग बाहेरून आलेली वायर 'वॅन'मधून काढून 'लॅन १' मध्ये खोचा. 'वॅन' रिकामा राहील. डीएचसीपी बंद करायच्या आधी वायर हलवलीत तर सगळ्या ऑफिसात दोन राउटर पत्ते वाटायला लागतील आणि चालू असलेली मशिनही बिघडतील.

लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर नाही ना, तेही बघा. गेस्टवर आणि 'एपी आयसोलेशन' चालू असलेल्या वायफायवर एक उपकरण दुसऱ्याला दिसू न देणं हाच हेतू असतो.

आणि जाता जाता, पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये कधी जाऊ देऊ नका. काही सेकंदांत सगळे दिवे एकसाथ लुकलुकायला लागतात आणि सगळं ऑफिस ठप्प होतं. टेबलाखालची मोकळी वायर कोणीतरी सहज रिकाम्या पोर्टात खोचतं, तेव्हा हे होतं.

सह्यवाट

पोर्ट_४४५, एसएमबी १ ला एवढा विरोध कशाला? 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन टिक केलं, रीस्टार्ट केलं की यादी भरते, हे बऱ्याच ठिकाणी बघितलंय. आतल्या नेटवर्कवरच तर वापरायचं आहे.

पोर्ट_४४५

यादी भरते, कारण एसएमबी १ बरोबर जुनी 'कॉम्प्युटर ब्राउझर' सेवा परत येते. त्या पद्धतीत मशिन आपसात निवडणूक घेऊन एकाला 'मास्टर ब्राउझर' करतात आणि यादी तो सांभाळतो. मशिन आपली हजेरी साधारण बारा-बारा मिनिटांनी देतात, त्यामुळे बंद झालेलं मशिन बराच वेळ यादीत राहतं आणि नवीन चालू झालेलं कधीकधी उशिरा येतं. मास्टर झालेला संगणक संध्याकाळी कोणी बंद केला की पुन्हा निवडणूक. म्हणजे ज्या अनिश्चिततेपासून सुटका हवी आहे तीच परत आणायची.

धोका त्याहून मोठा. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १ च्याच त्रुटीतून पसरला. एका मशिनवर आला की त्याच नेटवर्कवरच्या दुरुस्ती न झालेल्या बाकी मशिनवर आपोआप गेला, कोणी काही न उघडता. 'आतल्या नेटवर्कवरच' हा भाग त्याच्या सोयीचाच होता. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती दिली होती, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ घालणंच थांबवलं. करसल्लागाराच्या ऑफिसात लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंट, विवरणपत्रं असतात. यादीतल्या चार नावांसाठी ते पणाला लावू नये.

शिवाय जमाखर्च यांच्याकडे त्याची गरजच नाही. विंडोज ७ सुद्धा एसएमबी २.१ बोलतो आणि डब्ल्यूएस-डिस्कव्हरीही करतो. एसएमबी १ शिवाय अडतं ते एक्सपीचं आणि फार जुन्या उपकरणांचं.

फायरवॉल बंद करायचीही तशीच गत. तपासण्यापुरती दोन मिनिटं बंद करून फरक पडतो का बघणं ठीक, पण लगेच चालू करा. फरक पडला तर नेमका नियम उघडायचा : 'अलाऊ अॅन अॅप ऑर फीचर'मध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' या दोन ओळींना फक्त 'प्रायव्हेट' रकान्यात टिक. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर विंडोजच्या टिका निरुपयोगी असतात. तिथे जाऊन ऑफिसचं नेटवर्क 'ट्रस्टेड' किंवा 'होम' करावं लागतं.

आता २ आणि ३. ते १ ला बघू शकतात, पण स्वतः दिसत नाहीत. यात उत्तराचा धागा आहे. दोन सेवा वेगवेगळी कामं करतात :

'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' इतरांना शोधते.
'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' स्वतःला जाहीर करते.

जे मशिन इतरांना बघतं पण स्वतः कोणालाच दिसत नाही, त्याची दुसरी सेवा बंद असते. ज्याला कोणीच दिसत नाही पण ते सगळ्यांना दिसतं, त्याची पहिली. म्हणून २ आणि ३ वर जाऊन :

'सर्व्हिसेस' उघडा. 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन'वर डबल क्लिक, स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)', अप्लाय, मग स्टार्ट. प्रोव्हायडर होस्टचंही तसंच करा. 'डिलेड' मुद्दाम, कारण नेटवर्क उभं राहायच्या आधी सेवा सुरू झाली तर तिची घोषणा हवेत जाते.

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', तिथे 'इथरनेट', आणि प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा. नवीन असेंबल केलेल्या मशिनवर हे बहुतेक वेळा 'पब्लिक'च सोडलेलं असतं.

मग 'अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधून 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'. प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू. हे बटण चालू केलं आणि परत येऊन बघितलं तर पुन्हा बंद, असं झालं तर 'डीएनएस क्लायंट', 'एसएसडीपी डिस्कव्हरी' आणि 'यूपीएनपी डिव्हाइस होस्ट' या सेवा तपासा. त्यातली एखादी बंद असली की बटण टिकत नाही.

एक उपयोगाची युक्ती. 'नेटवर्क' खिडकी 'डिटेल्स' स्वरूपात ठेवा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'डिस्कव्हरी मेथड' हा रकाना जोडा. प्रत्येक नावासमोर ते कोणत्या मार्गाने सापडलं ते दिसतं : डब्ल्यूएसडी (म्हणजे डब्ल्यूएस-डिस्कव्हरी), नेटबायोस (नावं शोधायची जुनी पद्धत), एसएसडीपी. एखादं मशिन फक्त नेटबायोसने येत असेल तर त्याची रिसोर्स पब्लिकेशन सेवा झोपलेली आहे असं समजा.

कमांडमध्ये नुसतं 'नेट व्ह्यू' दिलं की 'एरर ६११८' येईल. घाबरू नका, ती कमांड जुन्या ब्राउझर सेवेकडे यादी मागते आणि ती सेवा आता नाही. 'नेट व्ह्यू \\पत्ता' असं एका मशिनचं नाव देऊन चालवलं तर मात्र त्याची शेअर केलेली फोल्डरं दाखवते.

कोरा_कागद

यादी दिसली तरी दार उघडलंच पाहिजे, म्हणून प्रवेशाबद्दल लिहितो. 'नेट यूज' ने ड्राइव्ह जोडून बघा, कारण त्यात एरर क्रमांक मिळतो. एक्सप्लोररचा गोल-गोल संदेश वाचण्यापेक्षा क्रमांक बरा.

५३ : मशिनपर्यंत पोहोचलाच नाहीत. पत्ता, फायरवॉल, वायर.
६७ : मशिन सापडलं, शेअरचं नाव चुकलं. फोल्डरचं नाव आणि शेअरचं नाव वेगळं असू शकतं.
५ : ओळख पटली, परवानगी नाही. शेअरिंग टॅबवरची आणि सिक्युरिटी टॅबवरची, दोन्हीकडची परवानगी लागते आणि त्यातली कडक असेल ती लागू होते.
१३२६ : यूजर किंवा पासवर्ड चूक.
१२१९ : त्याच मशिनला आधी वेगळ्या यूजरने जोडलेलं आहे. 'नेट यूज * /डिलीट' करून पुन्हा जोडा. आधी चालू असलेली टॅली बंद करा.
१२७२ : पाहुणा म्हणून शिरायचा प्रयत्न, विंडोजने अडवला.

पासवर्डच्या बाबतीत तीन गोष्टी अडवतात. विंडोज हॅलोचा पिन नेटवर्कवर चालत नाही, तो त्या मशिनपुरताच. पासवर्ड रिकामा असलेलं खातं नेटवर्कवरून आत घेतलं जात नाही, समोर बसून लॉगिन होत असलं तरी. आणि मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर यूजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो.

या सगळ्यातून सुटायचा सोपा मार्ग : संगणक १ वर प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी एक साधं लोकल खातं करा, पासवर्डसह, अॅडमिन हक्कांशिवाय. फोल्डरची परवानगी त्याच खात्यांना द्या, 'एव्हरीवन'ला काढून टाका. मग प्रत्येक टेबलावरच्या मशिनमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर', 'विंडोज क्रेडेन्शियल्स', 'अॅड'. पत्ता, यूजर, पासवर्ड एकदा भरला की पुन्हा विचारत नाही. यूजरच्या आधी सर्व्हरचं नाव आणि \ द्या, म्हणजे विंडोज आपल्याच मशिनवरचं खातं समजत नाही.

सर्व्हर म्हणून साधं विंडोज वापरताय तर एका वेळी बाहेरून २० जोडण्यांची मर्यादा आहे हे लक्षात असू द्या. सात मशिनला पुरतं. त्या मशिनचा स्लीप मात्र बंदच ठेवा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवायची टिक काढा. जेवणाच्या सुट्टीनंतर सर्व्हर गायब होतो त्याला बहुधा तीच कारणीभूत असते.

जमाखर्च

खूप आभार सगळ्यांचे. आतला राउटर अॅक्सेस पॉइंट केला, ६ आता यादीत येतो. २ आणि ३ वर प्रोफाइल खरंच पब्लिक होतं. सेवा सुरू केल्यावर दोन्ही दिसायला लागले.

राहिलं ते ३ वरून २ चं. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये भरलं, लोकल खातं नवीन केलं, पासवर्ड दोनदा तपासला, तरी चौकट परत येते. तेच खातं, तोच पासवर्ड ४ वरून दिला तर २ उघडतो.

पोर्ट_४४५

२ आणि ३ एकाच वेळी असेंबल केलेले, आणि अडतं नेमकं या दोघांच्या आपसात. दोन्हीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हूअॅमआय /यूजर' चालवा. 'एस-१-५-२१' च्या पुढे तीन लांबलचक आकडे येतील आणि शेवटी १००१ सारखा छोटा. शेवटचा सोडून द्या. ते तीन लांब आकडे दोन्ही मशिनवर तंतोतंत सारखे आहेत का?

जमाखर्च

तंतोतंत सारखे आहेत.

पोर्ट_४४५

मग निदान झालं. एका मशिनवर विंडोज टाकून त्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्यात घातली आहे, 'सिसप्रेप' (प्रत काढण्याआधी मशिनची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) न करता. त्यामुळे दोघांचा सुरक्षा ओळख क्रमांक, एसआयडी, एकच आहे. पूर्वी वर्कग्रुपमध्ये हे खपून जायचं. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ मध्ये विंडोज हा क्रमांक तपासतं, आणि दोन्हीकडे तोच सापडला की एकमेकांची ओळख नाकारतं. पासवर्ड कितीही बरोबर असो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टिम'खाली एलएसए सर्व्हरची ६१६७ क्रमांकाची नोंद असेल, तिथे ओळखीचा तपशील जुळत नसल्याचं लिहिलेलं असतं.

नुसतं संगणकाचं नाव बदलून हे जात नाही, एसआयडी तोच राहतो. इंटरनेटवर मिळणारी एसआयडी बदलायची छोटी सॉफ्टवेअरं वापरू नका, मायक्रोसॉफ्टचा त्यांना आधार नाही. अपडेट काढून टाकणं हाही उपाय नव्हे. एका मशिनवर विंडोज नव्याने टाका, दुसऱ्याला हात लावायची गरज नाही. परवान्याची काळजी नको, त्याच मदरबोर्डवर तीच आवृत्ती टाकली की डिजिटल लायसन्स आपोआप लागतं. आधी टॅलीचं लायसन्स त्या मशिनवर असेल तर ते सरेंडर करा, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हर आणि ब्राउझरमधले पासवर्ड यांची नोंद घ्या, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स फोल्डरची प्रत काढा. पुढच्या वेळी मशिन घेताना 'क्लोन करणार असाल तर सिसप्रेप करून' असं आधीच सांगून ठेवा.

कोरा_कागद

नॅसचं राहिलं. तुमचा १२७२ आहे, संदेशावरून कळतंय. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून दोन गोष्टी कडक झाल्या : पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून प्रवेश बंद, आणि एसएमबीच्या प्रत्येक पॅकेटवर स्वाक्षरी सक्तीची. पाहुण्याच्या प्रवेशात स्वाक्षरी करायला किल्लीच नसते, म्हणून जुने उघडे नॅस एका झटक्यात बंद पडले. होम आवृत्तीत स्वाक्षरीची सक्ती नाही, त्यामुळे 'लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही' असं चित्र दिसू शकतं.

नॅसच्या पानावर जा, फर्मवेअर अद्ययावत करा, किमान एसएमबी २ आणि शक्य असेल तर ३ ठेवा, एसएमबी १ बंद करा. यूजर-पासवर्ड तयार करून शेअर त्या यूजरला द्या, गेस्ट बंद. फाइल सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएस-डिस्कव्हरीची टिक असेल तर ती करा, म्हणजे नॅस यादीतही येईल. सांबावर (विंडोजसारखं फाइल शेअरिंग देणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या लिनक्स मशिनला हे जमत नाही, तिथे 'डब्ल्यूएसडीडी' नावाची छोटी सेवा वेगळी टाकावी लागते.

एवढं करूनही स्वाक्षरीवर अडला तर नॅस बदलायची वेळ आली. विंडोजची सक्ती पॉवरशेलमधून काढता येते, पण ती एका नॅसपुरती निघत नाही, त्या मशिनच्या सगळ्या जोडण्यांवरून निघते.

सह्यवाट

बरोबर आहे, एसएमबी १ चा मुद्दा पटला. माझ्याकडचा अडसर वेगळा आहे : मोठं झेरॉक्स-स्कॅनर मशिन थेट शेअर फोल्डरमध्ये स्कॅन टाकतं आणि ते फक्त एसएमबी १ बोलतं. त्याचं काय?

पॅचकॉर्ड

आधी त्याचं फर्मवेअर बघा, बऱ्याच मशिनना एसएमबी २ नंतर मिळालंय. ते देखभाल करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. नसेल तर स्कॅन टू ईमेल किंवा स्कॅन टू एफटीपी. एफटीपीसाठी एका संगणकावर छोटा एफटीपी सर्व्हर, एकच फोल्डर, वेगळा यूजर, आणि फायरवॉलमध्ये फक्त त्या झेरॉक्स मशिनच्या पत्त्याला परवानगी. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून तोच पासवर्ड दुसरीकडे वापरू नका.

जमाखर्च, तुम्हीही सर्व्हर, नॅस आणि प्रिंटर यांचे पत्ते कायम करून टाका. मोडेमच्या डीएचसीपीचा पट्टा १०० ते २०० ठेवा आणि सर्व्हरला १९२.१६८.१.१०, नॅसला ११, प्रिंटरला १२ असे पट्ट्याबाहेरचे द्या. पट्ट्याच्या आतला पत्ता हाताने दिला तर एखाद्या सकाळी तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला मिळतो आणि सर्व्हर गायब होतो. नावं १५ अक्षरांच्या आत, कोणतीही दोन सारखी नकोत. टॅलीचा डेटा पाथ सगळ्या मशिनवर एकाच पद्धतीने द्या, एकीकडे पत्ता आणि एकीकडे नाव असं नको. विंडोज त्या दोघांना वेगळे सर्व्हर समजतं आणि पासवर्ड वेगवेगळे विचारतं.

जमाखर्च

पत्ते कायम केले. नॅस पासवर्डने उघडतो, यादीतही आला. ३ वर विंडोज नव्याने टाकायला दिलंय.

एक शेवटचं. ४ आणि ५ रीस्टार्ट केल्यावर यादीत येतात, थोड्या वेळाने नाहीसे होतात. पत्त्याने कायम उघडतात. सेवा चालू आहेत, प्रोफाइल प्रायव्हेट. हे दोन मात्र वेगळ्या, सेटिंगचं पान असलेल्या स्विचवर आहेत. आणि विंडोज ७ चं काय करावं, तेही सांगा.

पोर्ट_४४५

स्विचच्या पानावर 'आयजीएमपी स्नूपिंग' शोधा. चालू असेल तर स्विच मल्टिकास्टची पॅकेट फक्त 'मला हवंय' म्हणून सांगितलेल्या पोर्टांवरच सोडतो. ती हजेरी वेळोवेळी घ्यायला नेटवर्कवर एक 'क्वेरिअर' असावा लागतो, आणि छोट्या ऑफिसात तो सहसा कोणीच नसतो. मशिन सुरू होताना एकदा हजेरी लावतं, म्हणून सुरुवातीला दिसतं. काही मिनिटांनी स्विच ती नोंद पुसतो, पुन्हा विचारत नाही, आणि शोधाची पॅकेट त्या पोर्टाकडे जायची थांबतात. एवढ्या छोट्या नेटवर्कवर स्नूपिंग बंद केलं तरी काही बिघडत नाही. ते बंद करा, 'सेव्ह' करायला विसरू नका, नाहीतर वीज गेली की परत चालू होईल.

दोन्हीवर विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ११ चालत असेल तर तेही याच फेरीत उरकून घ्या.

विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर सर्वसामान्य दुरुस्त्या नाहीत. त्याला इंटरनेट नको. पत्ता हाताने द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट गेटवेची जागा रिकामी ठेवा, डीएनएसही रिकामं. कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही६ ची टिक काढा, नाहीतर मोडेम त्या वाटेने त्याला बाहेर नेऊ शकतो. ऑफिसातली मशिन त्याला दिसतील, बाहेरचं काही नाही. सर्व्हरवर त्याच्यासाठी वेगळा यूजर करा, एकाच फोल्डरला परवानगी असलेला, आणि त्यावर पेन ड्राइव्ह लावताना आधी दुसऱ्या मशिनवर तपासून घ्या.